भेटीचा टाका

दिवाळी सरली की आमच्या मागच्या अंगणात ऊन येऊन बसतं. पावसाळ्यात ते आल्या पावली परत जातं, उन्हाळ्यात त्याच्याकडे बघवत नाही. पण कापसाचा पहिला वेचा घरात आला, की दुपारचे दोन-तीन तास ते न्हाणीपासून तुळशीपर्यंत पसरतं आणि कोणाला त्रास देत नाही. मी त्याला गोधडीचं ऊन म्हणते. दुसऱ्या कोणाला तसं म्हणताना ऐकलं नाही, आणि मीही ते कधी कोणाजवळ बोलले नाही.

यंदाही ते आलं. मोठ्या रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागला. बाभळीला कापूस येत नाही हे लहान लेकरालाही ठाऊक आहे. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात, त्यांतून उडालेला कापूस काट्यांना अडकतो आणि पुढे कितीतरी दिवस तिथंच राहतो. पांढरकवड्यात थंडी आधी या बाभळींवर दिसते, मग अंगाला लागते. घरात हिरव्या तुरीच्या शेंगा सोलणं सुरू होतं. बोटांना त्या सोल्यांचा कच्चा वास राहतो. त्याच बोटांनी मी इतकी वर्षं सुईत दोरा ओवला. यंदाही आधी सोलेच काढले, सुईकडे गेले नाही. पत्र्याच्या पेटीत एक अर्धी गोधडी होती. तिला तीन हिवाळे झाले होते.

गोधडी काही फार मोठी वस्तू नाही. घरात जे विरतं, विटतं, आखूड होतं त्याचं काय करायचं, म्हणून बायका ती शिवतात. खाली एक जुनं लुगडं, वर एक जुनं लुगडं, आणि मध्ये घरातली सगळी माणसं. माझ्या सासूबाईंचं लुगडं धुऊन धुऊन इतकं मऊ व्हायचं की ते नेसण्यापेक्षा पांघरायलाच बरं. ह्यांच्या सदऱ्यांच्या कॉलरी फाटायच्या, पाठ शाबूत राहायची. ती पाठ मी घ्यायची. भिंतीपलीकडून शमीमभाभी रहीमभाऊंचे सदरे आणायची. रहीमभाऊ तिचे मालक, मोठ्या रस्त्यावर त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांच्या कपड्यांचे काळे डाग सोड्यानंही निघत नसत, आणि ऑईलचा वास तर गोधडीच्या पोटात गेल्यावरही जायचा नाही. माझ्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला आम्ही दोघींनी दुपटं शिवून दिलं. तिच्या सासूनं ते नाकाशी धरलं आणि विचारलं, "लेकराले काय ट्रकमंधी झोपवता का वो?" मी हे येऊन सांगितलं तर शमीमभाभी हसता हसता ओट्यावर बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

मधली भिंत आमच्या छातीएवढी. तिच्यावरून भाजीची वाटी जायची, सांडग्यांचं ताट यायचं, ईदेचा शिरखुर्मा यायचा. मला चारचौघांत बोलता येत नाही. दुकानात मीठ मागायचं तरी आधी मनात दोनदा म्हणून बघते. शमीमभाभी दोघींच्या वाटचं बोलायची.

"कांताबाई, तुमी मुक्या नाही, तुमी कंजूस हाय," ती म्हणायची. "शब्द काय इकत आणा लागते काय?"

मी हसायची. तिला तेवढं पुरायचं.

ती डावखुरी होती. उजव्या हाताची बाई गोधडीवर बसली की उजवीकडून डावीकडे शिवत सरकते. शमीमभाभी उलट, डावीकडून उजवीकडे. त्यामुळे गल्लीतल्या बायका तिला आपल्या गोधडीवर बसवायला तयार नसत. मध्येच कुठंतरी तिचं कोपर दुसरीच्या कोपराला लागायचं आणि सुई टोचायची. "उलट्या हाताची," असं तिच्या तोंडावर म्हणत. माझ्याशी मात्र तिचं जमून गेलं. आम्ही दोघी एकाच कोपऱ्यातून सुरुवात करायचो, ती एकीकडे, मी दुसरीकडे. शिवत शिवत एकमेकींपासून दूर जायचो, दोन-दोन बाजू संपवून समोरच्या कोपऱ्यात पुन्हा जवळ यायचो. तिथं तिच्या दोऱ्याचं टोक आणि माझ्या दोऱ्याचं टोक घेऊन एक गाठ मारायची. त्याला ती भेट म्हणायची.

"चला, भेट झाली. आता चहा ठेवा."

मग पुढचा फेरा बोटभर आतून. असे फेरे लहान लहान होत मध्यावर पोचायचे. फेरा अर्धा टाकून उठायचं नाही, हे मी माझ्या आईकडून शिकले होते. अर्ध्यावर उठलं की आतलं कापड सरकतं आणि गोधडीला सुरकुती पडते, ती मग जन्मभर जात नाही. शमीमभाभीला हा नियम माहीत नव्हता. तो मी तिला शिकवला. मी कोणाला काही शिकवलं असेल तर एवढंच.

हे सगळं निवांत होत नसे. ह्यांना शेतावर डबा पाठवायचा असे, वेचणीच्या बायका आल्या की त्यांचा चहा, सासूबाईंचं अंघोळीचं पाणी. सासूबाई उन्हात खाट टाकून बसायच्या. "दोन बायका अन् एक गोधडी," त्या म्हणायच्या, "हिवाया सरते, पण गोधडी सरत नाही." त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या मोठ्यानं बोलतात आणि उत्तर ऐकत नाहीत. शमीमभाभी म्हणायची, "मावशी, तुमच्यासाठीच शिवून राह्यलो, भांडू नका." दर वर्षी ती हेच सांगायची आणि गोधडी दर वर्षी दुसऱ्याच कोणाकडे जायची. माझ्या भावाकडे, तिच्या नणंदेकडे, कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या आईकडे. सासूबाईंजवळ आमची एकही गोधडी नाही, हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात आलं.

दोघींनी एक गोधडी शिवताना एक गोष्ट होते, ती एकटीनं शिवणाऱ्या बाईला कळायची नाही. समोरच्या बाईनं दोरा ओढला की कापड हलतं. अगदी थोडंसं. मान वर न करता कळतं, ती तिथं आहे, ती शिवते आहे, आता तिनं सुई घातली, आता काढली. मला तिच्या टाक्यांची चाल मांडीवर कळायची.

पेटीतली गोधडी नसरीनच्या लेकरासाठी. नसरीन शमीमभाभीची एकुलती मुलगी. गोधडी शिवायला घेतली तेव्हा ती कॉलेजात जात होती, लग्न ठरलेलं नव्हतं, लेकराचा तर पत्ताच नव्हता.

"आधी जावाई तर पाहा, भाभी," मी म्हटलं होतं. माझ्यासारखीनं एवढी थट्टा केली म्हणून ती खूश झाली.

"जावाई तिचे अब्बा पाहातीन. गोधडी माह्या जिम्मे."

त्या दुपारी सातवा फेरा सुरू होता. वारा पडला होता. शेजारी कोणाकडे तरी वांगं भाजत होते, भरताचा वास येत होता. आम्ही सकाळीही बसलो होतो, जेवणं करून पुन्हा बसलो. भेटीच्या कोपऱ्यापासून आम्ही दोघी हातभर लांब होतो. तेवढ्यात कापड हलायचं थांबलं. मी मान वर केली. तिनं सुई कापडात टोचून ठेवली होती आणि डावा हात झटकत होती.

"कांताबाई, हात भरून आला वो."

"भरन नाही तर काय," मी म्हटलं. "सकायपासून शिवून राह्यल्या. माहाही भरला." मी माझा उजवा हात वर करून दाखवला. "घरी गेल्यावर तेल लावा. एवढा फेरा भेटवू, मंग उठा."

"लय जुलमी हाय तुमी."

ती हसली. उजव्या हातानं डावा दंड चोळला आणि सुई उचलली. तिच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, ऊन. ते ऊन कधी कोणाला घाम आणत नाही, हे मला माहीत होतं.

ती कोपऱ्यात पोचली तेव्हा मी तिचे शेवटचे टाके पाहिले. एरवी तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, सगळे एका मापाचे. हे लांब, ढिले, वाकडे गेलेले.

"भाभी, हा टाका हाय का बैलाचा पाय?"

"राहू द्या. नसरीनच्या पोराले काय टाके मोजाचे हाय?"

गाठ मारली. चहा ठेवा असं ती म्हणाली नाही. ते माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं आणि मी गोधडी गुंडाळून शेंगा सोलायला बसले. भिंतीपर्यंत जाताना ती एकदा थांबली, भिंतीला हात लावून. मग गेली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या नमाजाला उठली नाही.

त्यांच्या घरात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी दाराजवळ. त्यांच्या नात्यातली एक बाई कुठल्याशा दवाखान्यात नर्स होती. ती म्हणाली, हृदयाचं दुखणं कधी कधी डाव्या हातात उतरतं, बाईमाणूस अंगावर काढतं, आदल्या दिवशी काहीतरी बोलली असेल. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. नसरीन माझ्याकडे वळली. रडून तिचा आवाज बसला होता.

"खाला, काल तुमच्याजवळच होती ना अम्मी? काही म्हणाली का?"

मी मान हलवली. नाही.

एवढंच केलं. तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही. मी अबोल आहे हे सगळ्यांना माहीत, कोणी पुन्हा विचारलं नाही.

तेव्हापासून मी एकच हिशोब पुन्हा पुन्हा मांडते आणि तो सुटत नाही. ती माझ्यासारखी उजव्या हाताची असती आणि तिचा डावा हात दुखला असता, तर मी विचारलं असतं, हा कसा काय दुखला? तिचा डावा हात म्हणजे तिचा शिवायचा हात. शिवायचा हात भरून येतो, त्यात विचारायचं काय? इतकी वर्षं तिच्याबरोबर बसले म्हणूनच मी चुकले. तिला नीट न ओळखणाऱ्या एखाद्या बाईनं कदाचित वाचवलं असतं. आणि हेही खरं की फेरा अर्धा सोडायचा नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

महिन्याभरानं मी एकदा ती गोधडी काढली होती. म्हटलं, आठवा फेरा एकटीनं घेऊ, दोन्ही बाजू आपणच शिवू. ऊन तसंच होतं. पाच-सहा टाके झाले असतील. समोरच्या बाजूनं कापड हललं. अगदी थोडंसं. सुई घातली, काढली. मी मान वर केली नाही. वारा असेल, मांजर बसलं असेल. पुन्हा हललं. तीच चाल. माझ्या मांडीला ती ओळखू आली. मी दोरा तोडला, गोधडी पेटीत टाकली, वर गहू भरायची पोती टाकली. ह्यांनी विचारलं, "काहून? शिवत नाही आता?" मी म्हटलं, डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी चष्मा करून आणला. तो मी घालते, सगळं स्वच्छ दिसतं.

नसरीनचं मग लग्न झालं, महागावला दिली. यंदा ती बाळंतपणाला आली, आठवा महिना लागून. आई नसलेल्या घरी आली. रहीमभाऊ गॅरेजातून येऊन तिला डाळभात करून घालतात. दुसऱ्याच दिवशी ती भिंतीपाशी उभी राहिली.

"खाला, अम्मीची गोधडी कुठं हाय? मले आता लागन ना ती."

काय सांगणार? पोती बाजूला केली. पेटी उघडली तर अजून ऑईलचा वास होता. अंगणात पसरली आणि नसरीन जवळ बसली, पाय लांब करून, पोटावर हात ठेवून. मी शिवायला लागले. ती बोलत राहिली. बोलण्यात ती आईवर गेली आहे. मी सगळं लक्ष कापडाकडे ठेवलं होतं. हललं नाही. मला वाटलं, बरं झालं. आणि वाईटही वाटलं.

तिसऱ्या दिवशी, फेऱ्याच्या मध्यावर, नसरीन म्हणाली, "खाला, पाठ भरून आली."

तिच्या आईचाच शब्द. भरून आली.

मी सुई फेकली. दोरा तसाच सुईत, फेरा तसाच अर्धा. "उठ," म्हटलं. "उठ, चाल." ती म्हणते, "अवो, बसून बसून आली असन." मी ऐकलंच नाही. चप्पलही घातली नाही. रस्त्यावर जाऊन ओरडले, "ए ऑटोवाले भाऊ! थांब!" सासूबाई खाटेवरून, "काय झालं वं? कोन मेलं?" आयुष्यात मी कधी परक्या माणसाला हाक मारली नव्हती. तो ऑटोवालाही दचकला.

दवाखान्यात तपासलं. काही नाही. बाळ बरं आहे, वजन बरं आहे, एका जागी फार वेळ बसू नका. नर्स माझे अनवाणी पाय आणि विस्कटलेले केस बघून म्हणाली, "काकू, तुमचाच बीपी पाहू का?" नसरीन हसली. बाहेरच्या बाकावर येऊन बसली तरी हसत होती. "खाला, तुम भी ना! एवढ्याशा पाठीसाठी कोणी एवढं घाबरते काय?"

मग ती थांबली. माझ्याकडे बघितलं. "काहून घाबरल्या तुमी एवढ्या?"

मी सांगितलं. आधी मनात दोनदा म्हणून बघितलं नाही. समोर एक माणूस केळी खात बसला होता, तो ऐकत असेल तर असो. हात, घाम, लांब टाके, न मागितलेला चहा, भिंतीला लावलेला हात, आणि माझी हललेली मान. सगळं.

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "अम्मी कशी म्हणाली? तिच्याच शब्दात सांगा."

"कांताबाई, हात भरून आला वो."

"और आप क्या बोले?"

तेही सांगितलं. एवढा फेरा भेटवू, मंग उठा.

"तेव्हा विचारलं होतं मी तुमाले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"व्हय."

"तेव्हा सांगितलं असतं तर मी तुमचं तोंड पाह्यलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ती उठली. पोट सावरत एकटीच ऑटोपर्यंत गेली. वाटभर बाहेर बघत राहिली. बाभळींवरचा कापूस मागे मागे जात होता. घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं.

तीन दिवस ती भिंतीपाशी आली नाही. गोधडी मी अंगणातून उचलली नाही. दिवसभर पसरलेली, संध्याकाळी दुमडून खाटेवर. अर्ध्या फेऱ्यावर कापड सरकलं होतं, एका जागी सुरकुती पडली. मी ती सरळ करायच्या भानगडीत पडले नाही. भिंतीपलीकडे भांडी वाजली की मला कळायचं ती उठली आहे. खोकली की मी थांबायची. रहीमभाऊ एकदा दिसले, नेहमीसारखे "नमस्ते वैनी" म्हणाले, त्यावरून काहीच कळेना. मला वाटलं, आता ती त्यांना सांगेल, मग ते भिंत उंच करून घेतील. मी स्वतःलाच म्हटलं, घेतली तर घेऊ दे.

चौथ्या दिवशी दुपारी ती समोरच्या दारानं आली, पाहुण्यासारखी. उभीच राहिली.

"अब्बूले सांगितलं नाही मी. तुमी पण सांगू नका. त्यांच्यानं सहन नाही होणार."

"नाही सांगत."

"मले राग हाय, खाला. लय राग हाय."

"असू दे."

"लवकर नाही जाणार तो."

"नको जाऊ देऊ."

ती एक हात जमिनीला टेकवत हळूहळू खाली बसली. गोधडीची कड ओढून मांडीवर घेतली, सुरकुतीवरून बोट फिरवलं. आईचे ते लांब टाके तिला सापडले असावेत. त्या कोपऱ्यावर तिचा हात बराच वेळ होता. मला वाटलं, उसवा म्हणेल. म्हणाली, "शिवा मग. दिवस किती राह्यले?"

मी सोडलेली सुई उचलली. ऊन तुळशीपर्यंत आलं होतं. सासूबाई खाटेवर झोपल्या होत्या. थोड्या वेळानं नसरीननं बसल्या जागी अंग हलवलं, मी थांबून तिच्याकडे बघितलं. "काही नाही," ती म्हणाली, "शिवा." मी शिवलं. पुन्हा थोड्या वेळानं तिनं ओठ दाबून घेतले. मी बघितलं, तर पुन्हा म्हणाली, "काही नाही."

मी सुई कापडात टोचून ठेवली आणि विचारलं, "कुठं दुखते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग, रागातच, सांगायला लागली.